बुटासाठी कर्ज?

बचत गटाच्या कर्जाच्या वहीत 'कारण' नावाचा एक रकाना असतो. उत्तर नागपुरातल्या ज्या गटाचं काम मी बघते, त्या गटाच्या वहीतला हा एक रकाना वाचला तरी वस्तीचा सगळा इतिहास कळतो. शाळेची फी, शिलाई मशीन, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मे महिन्यात कूलर, जूनमध्ये छपराचे पत्रे. २०२५ च्या दिवाळीआधीच्या बैठकीत मात्र एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मले सहा हजार पाह्यजे. पोराले जोडे घ्याचे आहे."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग एकदम गलका. "सहा हजाराचे जोडे? सोन्याचे आहेत का बाप्पा?" "नाही, नऊ हजाराचे आहे. तीन त्यानं जमवले." आता तर कहरच! एकीनं सांगितलं, नऊ हजारात तिनं कूलर आणला आणि वर स्टँडही घेतला. दुसरी म्हणाली, "माह्या नवऱ्यानं लग्नात बाटाचे घेतले होते, अजून माळ्यावर आहेत." ही कर्ज मागणारी बाई दोन घरच्या पोळ्या आणि एका घरची धुणी-भांडी करते. तिच्या स्वतःच्या पायात अंगठा तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली स्लिपर. तिच्याकडे पाहून सगळ्याच जणींना राग आला होता, आणि तो राग अर्थातच तिच्या पोरावर होता.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. अट एवढीच, की पोरानं स्वतः येऊन सांगायचं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात पंधरा ते पंचविसातलं पोरगं असेल तर हा विषय तुम्हाला नवा नाही. आपल्या वेळी शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट असत, शनिवारच्या पीटीसाठी. शुक्रवारी रात्री ते ओल्या खडूनं पांढरे करायचे, उन्हात ठेवायचे, संपलं. आता मुलं बुटाला बूट म्हणत नाहीत, 'स्नीकर' म्हणतात. रबरी तळव्यामुळे चालताना आवाज होत नाही, चोरपावलांनी जाता येतं, म्हणून इंग्रजीत ते नाव पडलं. आणि सगळ्यात जास्त भाव कशाला, तर जुन्या बुटांना. म्हणजे वापरलेल्या नाही हं, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं डिझाइन कंपन्या पुन्हा काढतात त्यांना. 'रेट्रो' म्हणतात त्याला. आपल्या आजीच्या पाटल्यांची घडण पुन्हा फॅशनमध्ये आली म्हणतो ना, तसंच.

पुढच्या बैठकीला पोरगा आला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी सातपासून जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. पंधरा बायांसमोर आधी जरा लाजला, पण बुटांवर बोलायला लागला आणि मग थांबेचना. त्याची मतं अशी ठाम, की एखाद्या बुवानं गाण्याच्या घराण्यांवर बोलावं. हल्लीचे फुगलेल्या तळव्याचे बूट त्याला मुळीच आवडत नाहीत, "काकू, ते पावासारखे दिसते." बूट सपाट हवा, साधा हवा आणि त्याला गोष्ट हवी. "ज्या बुटाले स्टोरी नाही तो फक्त बूट आहे." मी विचारलं, मग बर्डीवर पंधराशेला मिळतात तसलेच घे की! हुबेहूब तेच दिसतात. त्यावर त्यानं दिलेलं उत्तर मी घरी आल्यावर लिहून ठेवलं. म्हणाला, "काकू, मी गाणं लिहितो. खरं लिहितो. खोटा बूट घालून खरं गाणं कसं म्हणू?"

आता हा बूट आणि गाणं यांचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तिथंच तर सगळी गंमत आहे, आणि ती कळायला थोडं मागं जावं लागतं.

जर्मनीत हेर्त्सोगेनआउराख नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं पाउलिना डासलर नावाची बाई लोकांचे कपडे धुऊन द्यायची. पहिलं महायुद्ध संपल्यावर तिच्या मुलानं आईच्या त्या धुण्याच्या खोलीतच बूट शिवायला सुरुवात केली. पुढे दोघं भाऊ मिळून कारखाना चालवू लागले, आणि मग आपल्याकडे होते तशीच भाऊबंदकी झाली. १९४८ साली वाटण्या झाल्या, थोरल्या रुडॉल्फनं 'पुमा' काढली, धाकट्या अडॉल्फनं 'आदिदास'. त्याचं लाडाचं नाव आदी आणि आडनाव डासलर, म्हणून आदिदास. गावाचेही दोन भाग पडले. माणूस भेटला की लोक आधी खाली त्याच्या पायाकडे बघत, कुठल्या भावाचा बूट आहे ते, म्हणून त्या गावाला 'वाकलेल्या मानांचं गाव' म्हणू लागले. अब्जावधींच्या या धंद्याची पहिली जागा एका धोबीकाम करणाऱ्या बाईची होती, हे आमच्या गटातल्या बायांना फारच आवडलं.

या आदिदासचा 'सांबा' नावाचा एक बूट आहे. आपलं इडली-सांबार नव्हे, ब्राझीलचा नाच. १९५० च्या आसपास गोठलेल्या मैदानावर फुटबॉल खेळताना पाय घसरू नये म्हणून तो काढला. गेल्या काही वर्षांत त्याची अशी लाट आली, की २०२४ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक, म्हणजे आपल्या सुधा मूर्तींचे जावई, एका मुलाखतीत तो घालून बसले. तर शौकीन पोरं चिडली, 'यांनी घातला म्हणजे आता बुटाची मजाच गेली'. बिचाऱ्या सुनकांना रेडिओवर गमतीनं का होईना, माफी मागावी लागली! आमचा हा पोरगाही तेच म्हणतो, की सांबा आता 'सगळ्यांचा' झाला. त्याला हवा होता तो 'सुपरस्टार', पुढच्या बाजूला शिंपल्यासारखं रबर असलेला, १९६९ सालचा. मूळचा बास्केटबॉलचा. आणि इथं गाणं येतं.

आज जगभर पसरलेल्या हिप-हॉप संगीताचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ धरतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, बहुतांश काळ्या आणि स्थलांतरित गरिबांची वस्ती असलेल्या ठिकाणी, सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीला शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमावेत म्हणून तिनं इमारतीच्या सामाईक खोलीत पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. रेकॉर्डी लावायला भाऊ होता, तो पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. भावाचं नाव सगळ्या जगाला माहीत, बहिणीचं फार थोड्यांना. चार बरे कपडे घालून शाळेत जावं या इच्छेतून निघालेलं हे संगीत आहे, हे लक्षात घेतलं तर त्यात कपड्याबुटांना एवढं महत्त्व का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे त्याच शहरातल्या रन-डीएमसी या तिघांच्या गटानं सुपरस्टार बूट नाड्या न बांधता घालायला सुरुवात केली. तुरुंगात नाड्या काढून घेतात, त्यावरून आलेली ती पद्धत. असे बूट घालणारी पोरं म्हणजे गुंडच, असं सभ्य लोक समजत. त्यावर त्यांनी १९८६ साली आपल्या बुटांवरच गाणं केलं, की हे बूट आम्ही घालतो, पण वाईट काम करत नाही. त्या वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात त्यांनी सांगताच हजारो लोकांनी बूट हातात घेऊन वर धरले. कंपनीचा माणूस ते पाहत होता. लवकरच दहा लाख डॉलरच्या घरातला करार झाला. खेळाडू नसलेल्यांशी बूट कंपनीनं केलेला तो पहिला मोठा सौदा. म्हणजे बघा, वस्तीतल्या पोरांनी आपली अब्रू सांभाळायला एक खूण केली आणि कंपनीनं ती विकत घेतली. ही गोष्ट मी त्या पोरालाही सांगितली. त्यानं ऐकून घेतलं.

कंपन्यांचं काय घ्या! नायके कंपनीची ती बरोबरच्या खुणेसारखी रेघ १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं काढून दिली, पस्तीस डॉलरला. (बऱ्याच वर्षांनी कंपनीनं तिला शेअर दिले, हेही सांगायला हवं.) मायकेल जॉर्डन या खेळाडूला नायकेकडे जायचंच नव्हतं. त्याच्या आईनं, डेलोरिस यांनी, 'एकदा ऐकून तर घे' म्हणून त्याला धाडलं, आणि १९८५ साली त्याच्या नावाचा बूट आला. तोच आज रेट्रो म्हणून सगळ्यात जास्त मिरवला जातो. खास बायकांसाठी म्हणून पहिला स्पोर्ट्स शू रीबॉकनं काढला तो १९८२ साली. म्हणजे आपण सातवी-आठवीत कॅनव्हासला खडू लावायला लागायच्याही आधी तिकडे बायका स्वतःच्या मापाचा बूट घालून एरोबिक्स करत होत्या.

आता आपल्याकडे या. पायातल्या वस्तूवरून माणसाची लायकी ठरवणं आपल्याला कुणी अमेरिकेतून शिकवलेलं नाही. गावातल्या वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्यायच्या, ही रीत आमच्या गटातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी आपल्या सासऱ्या-आजेसासऱ्यांकडून ऐकलेली आहे. आणि ती ऐकीव गोष्ट झाली असं समजू नका. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात २०१८ साली एका तेरा वर्षांच्या दलित मुलाला, मोजडी घातली म्हणून मारहाण झाली. तामिळनाडूत तिरुप्पूर जिल्ह्यातल्या एका गावात गावातल्याच एका रस्त्यावरून दलित मंडळी पायात चपला घालून पहिल्यांदा चालली, ती २०२३ च्या डिसेंबरात. चंद्रावर आपलं यान उतरून चार महिने झाले होते तेव्हा.

म्हणून बैठकीत जेव्हा एका शिकलेल्या ओळखीच्या बाईंनी (त्या आमच्याकडे अधूनमधून पाहुण्या म्हणून येतात) 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' सुरू केलं, तेव्हा कोपऱ्यातली एक आजी फटकन म्हणाली, "बाई, बाबासाहेबाचा फोटो पाह्यला का कधी? पायात काय आहे त्याच्या?" वस्तीतल्या प्रत्येक घरात तो फोटो आहे, सुटाबुटातला. बाबासाहेबांनी हे मुद्दाम केलं होतं हे त्या आजीला कुठल्याही पुस्तकाविना कळतं. साधेपणा मलाही आवडतो. पण माझ्या कपाटात पाच जोड आहेत आणि त्यातला साधा मी निवडते, त्याला साधेपणा म्हणतात. ज्याच्याकडे एकच आहे त्याला आपण तो शब्द वापरू नये.

आपल्या नागपूरचीच गोष्ट घ्या. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि २००१ साली 'स्लम सॉकर' उभं राहिलं. अनवाणी पायांनी सुरू झालेला खेळ. त्यावर नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला, २०२२ च्या मार्चमध्ये आला, अमिताभ बच्चन सोबत आणि बाकीची पोरं खरी इथल्या वस्त्यांमधली. अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्याकडे फटाके उडाले. पण त्याच सिनेमातल्या दुसऱ्या एका मुलाचा २०२५ च्या ऑक्टोबरात नागपुरातच खून झाला. एकवीस वर्षांचा होता. आमच्या कर्ज-बैठकीच्या आसपासच ही बातमी आली. नऊ हजारांचा हट्ट धरून बसलेलं पोरगं निदान घरी हट्ट करतंय, दुसरीकडून आणत नाही, असं त्या दिवसांत एका आईला वाटलं तर तिला मी काय सांगणार?

आता त्याच्या गाण्याकडे येते. 'आमचं अंडरग्राउंड आहे' असं ही मुलं सांगतात. अंडरग्राउंड म्हणजे भूमिगत, आणि आपल्या पिढीला भूमिगत म्हटलं की बेचाळीस आठवतं, उषा मेहतांचं गुप्त रेडिओ केंद्र आठवतं. यांचा अर्थ निराळा. मोठ्या कंपनीनं पैसे लावलेले नाहीत, टीव्हीवर येत नाही, कुणाच्या तरी घरात गाद्या भिंतीला टेकवून मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं, ते अंडरग्राउंड. मुंबईच्या कुर्ल्यातल्या नेझीनं २०१४ साली आयपॅडवर गाणं करून व्हिडिओ टाकला, त्याच्या आणि डिव्हाइनच्या आयुष्यावरून सुचलेला 'गली बॉय' २०१९ ला आला, तिथून हे लोण गावोगाव पोचलं. आमचा पोरगा म्हणतो, "पिक्चर आला तेव्हाच ते संपलं." २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' सगळीकडे वाजलं, तेही त्याच्या लेखी बाद. जे लग्नाच्या डीजेवर वाजतं ते अंडरग्राउंड नाही, असा त्याचा नियमच आहे.

इथं माझं त्याच्याशी पटत नाही, आणि मी ते सांगितलंही. वामनदादा कर्डकांची गाणी लग्नातही वाजली, मयतीच्या घरीही म्हटली गेली, म्हणून ती काय बाटली? दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी आणि नंतर सीड्या विकल्या जात, त्या कुठल्या मोठ्या कंपनीनं काढलेल्या होत्या? गाणं जितक्यांपर्यंत जाईल तितकं बरं, असं ते लिहिणाऱ्यांना वाटत होतं. आणि आपल्या विदर्भात तर तुकडोजी महाराजांनी नुसत्या खंजिरीवर गावंच्या गावं उभी केली, बेचाळीस साली सरकारनं त्यांना अटक केली ती काही उगाच नाही. ताल धरून, बोलल्यासारखं, लोकांच्या बोलीत, समोरच्याला जाब विचारत गायचं, हे आपल्याला अमेरिकेतून यायची गरज नव्हती. तिकडून आला तो यंत्रावरचा ठेका. आणि बूट.

कडूबाई खरात तुम्ही ऐकल्या असतील. हातात एकतारी, दारोदार भीमगीतं गात हिंडणारी संभाजीनगरची बाई. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि ती घराघरात पोचली. मला विचाराल तर महाराष्ट्रातली खरी अंडरग्राउंड गायिका तीच. पोराला म्हटलं, हिच्या पायात कुठला ब्रँड होता सांग. तो हसला आणि म्हणाला, "काकू, हे पॉइंट बरोबर आहे."

पण त्याच्या बाजूनंही बोलायला हवं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हा पोरगा स्वतःचं नाव '१०० आरबीएच' असं लिहितो, शंभर म्हणजे 'सौ', पुढे 'आरबीएच', झालं सौरभ. २०२३ साली एमटीव्हीच्या 'हसल' स्पर्धेत तो गेला आणि आपल्याकडची बोली, आपल्याकडची वस्ती त्यानं साऱ्या देशाला ऐकवली. 'बोलतोस कसा गावंढळ' म्हणून पुण्या-मुंबईत ज्या बोलीची टर उडवतात, ती मंचावर ताठ मानेनं ऐकताना आमच्याकडची पोरं चेकाळली होती. मुंबईतल्या 'स्वदेशी' गटानं आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याला सोबत घेऊन वारली बंडाचं गाणं केलं. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपर मुलांवर राजकीय गाण्यांपायी गुन्हे दाखल झाले. नुसत्या टवाळक्या असत्या तर पोलीस कशाला आले असते?

टवाळक्याही आहेत, हे काही मी लपवत नाही. पोरानं मोबाइलवर मला दहा गाणी ऐकवली. त्यातल्या सहांत आईबहिणीवरून शिव्या होत्या. व्यवस्थेवर राग आहे, मान्य, पण दर चौथ्या ओळीला कुणाची तरी आई कशाला लागते? ती आई पोळ्या लाटून तुझ्या बुटाचे पैसे जमवते आहे ना? हे मी बोलले तेव्हा तो गप्प झाला, त्याची आई मात्र पदराआड हसत होती.

आता हिशोबाचं बोलू, कारण शेवटी कर्ज गटाचं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर आता पाच टक्के कर आहे. त्याच्या वर गेलं की अठरा. त्याआधी हजारापर्यंत बारा आणि वर अठरा असे. म्हणजे हजार ते अडीच हजारांतल्या बुटाला खरा फायदा झाला. पोराच्या ८९९९ रुपयांच्या बुटात सुमारे १३७० रुपये नुसता कर आहे. २४९९ च्या बुटात तोच जेमतेम सव्वाशे. हे मी फळ्यावर मांडून दाखवलं. शिवाय 'लिमिटेड' म्हणून थोडाच माल काढायचा, रांगा लावायच्या, मग तोच जोड बाहेर दुप्पट किमतीला विकला जायचा, हा कंपन्यांचा धंद्याचा भाग आहे. गोष्ट जुनी आणि किंमत नवी! बर्डीवरच्या 'फर्स्ट कॉपी'चं मी समर्थन करत नाही, तिचा तळवा नागपूरच्या उन्हात चार महिन्यांत उघडतो आणि कायद्यानंही ती चोरीच. पण अडीच हजारांच्या आत आपल्याच कंपन्यांचे धड बूट मिळतात, रोज दहा-बारा किलोमीटर गाडी हाकणाऱ्या आणि जिने चढणाऱ्या मुलाला ते पुरतात.

हे महागडे बूट शिवतं कोण, हेही त्याला विचारलं. तामिळनाडूत चेय्यारजवळच्या कारखान्यांत नायकेसाठी बूट बनतात आणि तिथं हजारोंनी बायकाच कामाला आहेत, खेड्यापाड्यांतून बसनं येणाऱ्या. त्यांच्यातल्या किती जणींना तो जोड विकत घेता येत असेल? आणि उलट आपल्या कोल्हापुरीचं बघा. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. ओरड झाली तेव्हा कंपनीनं मान्य केलं, आणि डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड इथं बनवून घेण्याचं जाहीर केलं, किंमत सुमारे आठशे युरो. ज्यांच्या हातांना चामड्याचा वास येतो म्हणून गावानं लांब ठेवलं, त्यांचीच चप्पल ही. 'स्टोरी' पाहिजे ना बुटाला, मग याहून मोठी कुठली? पोरगा म्हणाला, "कोल्हापुरी घालून डिलिव्हरी नाही होत काकू." हेही खरंच.

गटानं काय केलं ते सांगते. वाद दोन बैठका चालला. सहा नाही, तीन हजार द्यायचे ठरले, हप्ता आईनं नाही, पोरानं दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः येऊन भरायचा, आणि आईला आधी नवी चप्पल. त्या चपलेचे पैसे त्याच्या जमवलेल्या तीन हजारांतून गेले, यावर बाया अडून बसल्या होत्या. उरलेल्यात त्याला सेलमध्ये गेल्या वर्षीचा रंग मिळाला, अस्सल. 'कारण' या रकान्यात सेक्रेटरीबाईंनी 'जोडे' असंच लिहिलं. चार हप्ते वेळेवर आले आहेत. पाचव्याला एक दिवस उशीर झाला तर बायांनी त्याला अर्धा तास उन्हात उभं केलं.

मला मात्र या सगळ्यात दुसरंच एक खटकत राहिलं. बैठकीला ज्या बाया तावातावानं बोलल्या, त्यांच्यापैकी अनेकींच्या घरात मुलगी आहे, आणि एकीनंही कधी मुलीसाठी असलं कर्ज मागितलं नाही. लता भगवान करे आठवतात? मूळच्या आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत अनवाणी पळाली आणि जिंकली. त्यांच्यावर सिनेमा निघाला, राष्ट्रीय पुरस्कारात त्याची दखल घेतली गेली. आपण डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. बाईनं अनवाणी पळावं यात आपल्याला थोरवी दिसते, तिला बूट कुणी का दिले नाहीत हे आपण विचारत नाही.

गाण्याचंही तसंच. महादेव कोळी समाजातली माही जी नावाची मुलगी रॅप करते, जंगलावर, आदिवासींवर, सफाई कामगारांवर. एकही शिवी न देता. आमच्या वस्तीतली एक अकरावीतली मुलगी तिची गाणी ऐकून लिहायला लागली आहे. वही मी पाहिली. नळाच्या रांगेवर लिहिलंय, रात्री ट्यूशनहून येताना मागं लागणाऱ्या गाडीवर लिहिलंय, अगदी चपखल. भावाच्या बुटांना घरात कुणाची हरकत नव्हती, हिच्या माईकला मात्र वडिलांची आहे. 'पोरीच्या जातीनं काय ओरडायचं.' हा भाऊ म्हणजे आपला तोच सुपरस्टारवाला पोरगा, हे सांगायचं राहिलंच.

सध्या शनिवारी चार ते सहा वाचनालयाची मागची खोली त्यांना मिळाली आहे. मुलं सहा येतात, मुलगी ती एकटीच. गाद्या नाहीत, म्हणून भिंतींना घरोघरच्या जुन्या गोधड्या लावल्या आहेत. तिची आई पोळ्यांची कामं आटोपून दारात येऊन बसते, आणि रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या वेळी पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून तो बंद करायला तीच उठते.